दादाच्या टेबलावरची जास्वंद

दादाने जास्वंदीच्या लालभडक पाण्यात चमचाभर दूध सोडलं, तेव्हा धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. व्हायचं तेच झालं. क्षणभर कपातलं पाणी गुलाबी झालं आणि मग दुधाच्या गुठळ्या होऊन तळाला बसल्या. दादाने कप खिडकीच्या उजेडात धरला, चारी बाजूंनी नीट पाहिला आणि खटला जिंकलेल्या वकिलासारखी मान डोलावली.

"फाटलं," तो म्हणाला.

"फाटणारच. आंबट आहे ते. जास्वंदीत दूध कोण घालतं, दादा?"

"चहात घालतात," दादा म्हणाला आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्याने एक सुबक, वाटोळं शून्य काढलं.

चहाचं दुकान वडिलांचं होतं, आता या भावंडांचं. पुढे काउंटर, तिथे वहिनी बसायची. मागे चाखायची खोली. खिडकीला लागून लांब टेबल, त्यावर पांढऱ्या कपांची रांग, झाकणाचे मग, काटा, घड्याळ आणि शेजारी कमरेएवढी उंच, चाकांची पिकदाणी. मळ्यांकडून आलेला प्रत्येक काळा चहा दादा आधी इथे चाखायचा. चमच्यातून असा फुर्रकन ओढायचा की बाहेरचं नवं गिऱ्हाईक दचकायचं. मग तोंडात घोळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. गिळायचा कधीच नाही. एक घोट पोटात गेला की माणूस त्या चहाच्या बाजूने होतो, असं त्याचं म्हणणं. हे त्याने इतकं मनावर घेतलं होतं की घरीसुद्धा तो नुसतं पाणी प्यायचा. चहावाल्याच्या घरात चहा पिणाऱ्या दोघीच, वहिनी आणि धाकटी. टेबलावर ज्याला मार्क मिळाले तो चहा फळीवर चढायचा, बाकीचे आल्या पावली परत. हा नियम वडिलांचा, आणि दादाने तो वडिलांपेक्षा जास्त पाळला.

धाकटीचा माल मात्र चहाच्या झाडाचा नव्हताच. गेलं वर्षभर ती पुदिना, गवती चहा, कॅमोमाइलची फुलं असलं काय काय वाळवत होती, मिसळत होती. तिची सगळ्यात लाडकी होती ती जास्वंद, आलं आणि थोडी बडीशेप घातलेली. फळीवर जागा नाही म्हणून ही पाकिटं काउंटरच्या खाली असायची आणि वहिनी ती चोरीचा माल विकावा तशी हळूच काढून द्यायची. तरी माणसं परत येऊन मागायची. दादा त्या सगळ्याला 'तुझा पालापाचोळा' म्हणायचा. जरा चाखून बघ म्हटलं की त्याला नेमकं दुसरं काम आठवायचं.

अशात दोन रस्ते सोडून एक नवं दुकान निघालं. तिथल्या मालकीणबाईंनी धाकटीला बोलावणं पाठवलं. हर्बलचा सगळा विभाग तुम्ही सांभाळा, हवं ते मिसळा, फक्त आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा. धाकटीला जायचं नव्हतं. तिने वहिनीला तसं सरळ सांगितलंही. चहाच्या पेट्यांवर बसून ती पाढे शिकली होती; तिला हेच दुकान हवं होतं. फक्त आपली पाकिटं दादाच्या पाकिटांशेजारी, उजळ माथ्याने, फळीवर दिसावीत एवढीच तिची इच्छा. सकाळी नाश्त्याला तिने दादाच्या कानावर सगळं घातलं. दादाने समोरची ताटली संपवली, मग हात पुसत म्हणाला, आण टेबलावर, न्यायाने चाखतो.

त्या न्यायानेच घात केला. तिचे मग त्याने काळ्या चहांच्या रांगेतच मांडले. तुलना करायची तर माप एक हवं, असं त्याचं म्हणणं पडलं. सगळ्यांना वजन तेच, उकळतं पाणी तेच, वेळ तीच आणि शेवटी दूधही तेच. धाकटीने परोपरीने सांगितलं की तेवढ्या वजनाची कॅमोमाइलची फुलं घातली तर मगात पाणी मावणार नाही. पुदिन्याला उकळतं पाणी नको, आल्याला जास्त वेळ हवा. दादाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दुसऱ्याला पडलेलं स्वप्न ऐकतात तसं, आणि काट्यावर वजन टाकलं.

मग सुरू झाला पाणउतारा. गवती चहाला रंग नाही, शून्य. पुदिन्याला कडकपणा नाही, शून्य. कॅमोमाइल दुधाला धरत नाही, वर वास औषधाच्या कपाटाचा, शून्य. मधेच तो काळ्या चहाकडे वळायचा आणि त्याचा आवाज मऊ व्हायचा. हा बघ कसा जिभेला चावतो, हा चवीला जरा मवाळ आहे पण रंगाला उमदा. धाकटी दात-ओठ खात उभी. एवढ्यात वहिनी दारात आली. बाहेर लाल पाकीट मागायला कोणी आलं होतं. अजून मार्क मिळालेले नाहीत, असं सांग, दादा म्हणाला. वहिनीने धाकटीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली की या माणसाला मी इतकी वर्षं मार्क देतेय, काही फरक पडत नाही. आणि बाहेर जाऊन तिने पाकीट विकलं.

जास्वंदीच्या वेळी धाकटीला जरा आशा होती. रंग पाहून दादाची भुवई वर गेली होती, तिने पाहिलं होतं ते. मग आलं दूध, आणि आलं ते शून्य.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मार्क तुला पटतात का, असं तिने विचारलं. दादाला प्रश्नच कळेना. त्याने फळ्याकडे बोट दाखवलं. बघ, माझ्या मित्राच्या मळ्याचा चहा, त्यालाही मी खालचे मार्क दिलेत, भेदभाव केलेला नाही. तो खोटं बोलत नव्हता, हीच तर पंचाईत. खोडसाळ माणसाशी निदान कडकडून भांडता येतं. प्रामाणिक गाढवापुढे माणसाने करायचं काय? धाकटीने हात टेकले. ती मागच्या पायरीवर गेली, फोन लावला आणि मालकीणबाईंना होकार देऊन टाकला. एक तारखेपासून येते म्हणाली. मग अंगणातल्या नळावर तोंड धुतलं, कारण रडलेलं वहिनीला लगेच कळतं, आणि आपल्या बरण्या उचलायला आत आली.

दादा टेबलाशीच होता. रांगेतले बाकीचे कप त्याने बाजूला सारले होते. समोर एकच मग, जास्वंदीचा, नव्याने भरून झाकलेला. घड्याळ कधीचं वाजून गेलं होतं, तरी त्याने झाकण काढलं नव्हतं. तिने आल्यासाठी सांगितला होता तेवढा वेळ तो थांबला होता. मग त्याने जास्वंद कपात ओतली. दुधाच्या भांड्याला हात लावला नाही. चमचा भरला, फुर्रकन ओढला, घोळवला. पायाने सवयीने पिकदाणी जवळ ओढली. आणि त्याच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली.

"दादा, गिळलंस तू," धाकटी दारातून म्हणाली.

दादा दचकला. आधी नाही म्हणाला, मग चुकून गेलं म्हणाला, मग फडकं घेऊन फळ्यावरचं जास्वंदीचं शून्य पुसलं. आता मला हिला मार्क देता येणार नाहीत, तो कुरकुरला, पोटात गेली. त्या जागी त्याने काहीच लिहिलं नाही. मात्र बोलायला लागला. बडीशेप शेवटी रेंगाळते, ती निम्मी कर. आलं अजून ओलं आहे, चांगलं खडखडीत वाळव. जास्वंद अशीच ठेव, तिला हात लावू नकोस. मळेवाल्यांशी बोलायचा त्याच सुरात तो बोलत होता, आणि वर्षभर ती ज्यासाठी जीव टाकत होती ते आपण आत्ता देऊन बसलो आहोत, याचा त्या माणसाला पत्ताच नव्हता. धाकटीला त्याच्या अंगावर किटली फेकावीशी वाटली.

"मी त्यांना हो म्हणून बसले," ती म्हणाली. "आत्ताच. हे मघाशी बोलला असतास तर तुझं काय जात होतं?"

"मघाशी कुठे प्यायलो होतो?" दादा म्हणाला. "मघाशी चाखलं."

तो खाली बसला. चमचा पुसून जागेवर ठेवला, मग पुन्हा उचलून पुसला. तिकडे चाखायला कोण आहे, त्याने विचारलं. कोणी नाही, मीच, ती म्हणाली. त्याने चमचा तिसऱ्यांदा पुसायला घेतला.

"दादा, आयुष्यात एकदा तरी सरळ बोल. जाऊ नकोस म्हण."

"म्हटलं तर राहशील?"

धाकटीने विचार केला. शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द फिरवायचा नाही हे तिला याच टेबलाशी, याच माणसाने शिकवलं होतं. "नाही," ती म्हणाली.

"मग कशाला म्हणू?"

बाहेर वहिनी कोणाला तरी सुटे पैसे परत देत होती. धाकटीने बरण्यांची झाकणं घट्ट लावली, एकेक करून टोपलीत ठेवली. तिचे डोळे भरून आले होते आणि या वेळी ती तोंड धुवायला गेली नाही. दादाने कप उचलला. आता चमचा नाही, आवाज नाही. साध्या माणसासारखा कडेला ओठ लावून त्याने तो शेवटपर्यंत पिऊन टाकला आणि रिकामा कप तिच्यापुढे केला.

"अजून आहे का?" त्याने विचारलं.