करडाचं पाचवं बोट

तिसगावच्या आपल्या अंगणवाडीची भिंत बघितलीय ना? त्या भिंतीपायी धनश्रीच्या पोटात असं दुखलं, असं दुखलं, काय सांगू! म्हणजे बघा, धनश्रीला चित्रकलेच्या एलिमेंटरीत ए ग्रेड, इंटरमिजिएटला ए ग्रेड. वर्गात जर्नल कुनाचं बी असू द्या, आकृत्या हिच्याच. आन् सेविका मनकर्णाबाईंनी भिंत रंगवायला दिली कुनाला? आरतीला! तिच्याच शेजारच्या आरतीला, जिनं परीक्षेचा फॉर्मसुदिक भरला नव्हता. वर बाई म्हनल्या, "ही जमली तर रस्त्यावरची शाळेची मोठी भिंत बी तुझीच." अन् त्या मोठ्या भिंतीवर धनश्रीचा दोन वर्षांपासून डोळा!

आरतीनं काढलं काय, तर एक काळंकुट्ट करडू. दोन पायांवर उभं, वाटोळे डोळे, पांढरे हातमोजे, एक हात वर करून टाटा करतंय. पोरं येडीच झाली. धनश्रीनं करडाच्या वरच्या हाताची बोटं मोजली आन् सगळ्यांपुढं वरडली, "अगं आरते, चारच? पाचवं काय कुत्र्यानं नेलं?"

लई हसले लोक. आरती बी हसली. "धने, जुनी कार्टूनं अशीच असायची. एका मिनटाच्या पिच्चरला शेकड्यानं चित्रं, सगळी हातानं काढायची. एक बोट कमी केलं का तेवढं काम वाचायचं. आन् तवा सगळं काळंपांढरं, काळ्या अंगावर काळा हात दिसायचाच न्हाई, म्हनून मोजे."

झालं! धनश्रीची आईच म्हनली, "बघ, किती माहिती हाय पोरीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं खिचडी खाऊन घरी गेली, अंगणवाडीला कुलूप लागलं. धनश्री दोन नंबरचा ब्रश आन् पांढऱ्या रंगाची डबी घेऊन भिंतीशी हजर. पाचवं बोट काढलं. आता सांग म्हनावं तुझा इतिहास! चित्र बिघडवायलाच आली हुती, पन गंमत बघा, वाकडंतिकडं काढायला हिचा हातच तयार हुईना. बोटाचा बाक, काळी कड, मोज्याची चुणी, सगळं झ्याक करूनच उठली.

सकाळी मनकर्णाबाई पोरांना भिंतीपुढं उभं करून मोजायला शिकवत हुत्या. "एक, दोन, तीन, चार, पाच!" पोरं करडाला हात दाखवून नाचायली.

"आरती, बरं केलंस गं," चित्र बघायला आलेल्या आरतीला बाई म्हनल्या. "काल समदी चारावरच अडली हुती."

धनश्री भिंतीजवळच्या हापशावर कळशी भरत हुती. कळशी भरून वाहायली तरी ही आपली हापसतेच हाय. मेहनत माझी, शाबासकी आरतीला! आन् बोलायची बी सोय न्हाई.

आरतीनं त्या बोटावरनं हात फिरवला. मग हापशाकडं बघितलं. धनश्रीच्या नखात पांढरा रंग.

"बाई, हे बोट माझं न्हाई. एवढी बारीक रेघ मला येतच न्हाई. हे धनीचं हाय. मोठी भिंत आमी दोघी मिळून रंगवू का?"

बाई लगेच "रंगवा की" म्हनल्या, पोरांनी टाळ्या वाजवल्या. धनश्रीला भिंत मिळाली, नाव मिळालं, तरी आत जळतच हुतं. आता चांगलं वागायचं बी आरतीलाच आधी सुचावं?

संध्याकाळी दोघी शाळेच्या भिंतीपुढं उभ्या. आरतीनं इचारलं, "किती बोटं काढायची गं?"

"तुझ्या करडाला चार. माझ्याला पाच."

आन् धनश्रीनं खडू घेतला, भिंत दोनदा मोजली, मधोमध रेघ मारली. आपली बाजू वीतभर मोठी ठेवून.