हरणाबाईच्या घरावरचा दगड

मित्रांनो, मी लोखंडाची एक जुनी पहार आहे. वाईच्या चांदसाहेब लोहाराने मला घडवले आणि नाथाजीच्या हाती दिले. नाथाजी दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या डोंगरांत रस्ते करून सेहेचाळीस साली गावी परतला होता. आमचे गाव कड्याच्या पायथ्याशी. वरून दगड सुटत. कधी वासरू मरे, कधी छप्पर फुटे. लोक म्हणत, डोंगराची मर्जी.

नाथाजीला ते पटेना. उन्हाळ्यात तो कमरेला दोर बांधून कड्यावर उतरे आणि माझ्या टोकाने एकेक दगड ठोके. धड दगड खणकन वाजे, सुटलेला बद्द. मग खालची माणसे-जनावरे हलवून तो मला फटीत घाली आणि आम्ही दगड पाडत असू. पडणारे दगड अडावेत म्हणून पायथ्याला त्याने चरही खणून घेतला. दोन वर्षे एकही छप्पर फुटले नाही. दसऱ्याला कड्याखाली राहणाऱ्या बाळासोची बायको हरणाबाई मला हळदकुंकू वाही.

तिच्याच घराच्या वर, कड्यात, बैलगाडीएवढा एक दगड होता. त्याखालचा तांबडा मुरूम पाण्याने झिजत चालला होता. तिसऱ्या वर्षी श्रावणात नाथाजीने फटीत लाकडी पाचर घट्ट ठोकली. आठ दिवसांनी ती नुसत्या हाताने निघाली. फट वाढली होती. एवढा दगड माझ्याने हलणार नव्हता. घर रिकामे करणे हाच उपाय होता.

"वैनी, घर सोडा," नाथाजी म्हणाला. "दगड सरकलाय."

"म्हस व्याला झालीया, भावजी. पाच दिस थांबा की. तुमी हाय तवर काय हुतंय?"

नाथाजी घुटमळला. ते कौतुक त्याला गोड लागले.

"बरं, पाचच दिस," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी दगड आला. चर ओलांडून गोठ्यात घुसला आणि दुभंगला. हरणाबाई नुकत्याच जन्मलेल्या रेडकाला पुसत होती. पाच जणांनी माझ्यावर भार टाकून तिच्यावरचा तुकडा वीतभर उचलला, पण तिच्यात जीव उरला नव्हता.

"मला ठावं हुतं रं," नाथाजी बाळासोला म्हणाला. "म्या जोर धरला न्हाई."

"म्या तरी कुटं धरला," बाळासो म्हणाला.

त्या हिवाळ्यात गावाने कड्याखालची घरे माळावर नेली. नाथाजीने मला पुन्हा हात लावला नाही. मी गंजत पडले आहे.

मित्रांनो, धोका कळला की एकदा सांगून थांबू नका. कोणी हसो, रागावो, हाताला धरून बाहेर काढा. त्या दिवसांत नाथाजी रोज हरणाबाईच्या दारावरून गेला. ती रोज त्याला चहाला बोलवत होती, आणि तो रोज आत जाऊन चहा घेत होता.