जोडलेली पानं

पळसाच्या लाकडाला सुतार सहसा हात लावत नाही. हलकं, पोकळ काळजाचं झाड. औताला चालत नाही, चौकटीला टिकत नाही. पावसात कुजतं, आचेला तडकतं. तरी त्या भाद्रपदात ज्योतिबा सुतारानं कुंडलच्या माळावरून पळसाचा एक जून ओंडका खांद्यावर वाहून आणला आणि मेटातल्या, म्हणजे सुतारकामाच्या छपरातल्या, ठोकळ्यावर ठेवला. त्यातून त्याला सयाजीचं तोंड काढायचं होतं.

सयाजी हंबीररावांचा एकुलता एक. ज्योतिबा आणि तो एकाच ओढ्यात पोहायला शिकले, एकाच बाभळीवरून पडले. लगीन लढाईनंतर करू म्हणून सयाजी पलटणीत गेला, तो पार इटलीत. आधी तार आली : बेपत्ता. मग लढाई संपली. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन कराडला उतरली, आईच्या पाया पडली, पलटणीतल्यासारखा चहा मागू लागली. वर्ष गेलं. आणि मागून दुसरा कागद आला : मेला असं धरावं.

हंबीरराव स्वतः पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले. त्यांनी कागद दोनदा वाचून घेतला, घडी केली, पटक्यात खोवली.

"सरकार धरतंय तर आपुन बी धरू," म्हणाले. एवढंच.

देह नाही, तर पुतळा जाळायचा. जोशीबुवांनी रीत सांगितली : पळसाचे तीनशेसाठ देठ माणसाच्या आकारानं बांधायचे, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि माणसाला देतात तसा अग्नी द्यायचा. म्हणजे गेलेला वाटेला लागतो. नाही तर घर आणि रान यांच्या मधल्या वाटेवर उभा राहतो. ना आत येता येतं, ना पुढं जाता येतं. अवसेचा दिवस ठरला.

दुसऱ्या दिवशी साळूबाई, सयाजीची आई, मेटाच्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"ज्योतिबा, नारळ म्हंजे माझ्या लेकाचं त्वांड व्हय रं? शेंडीच्या नारळाला मी काय म्हनून रडू?"

"काकी, रीतच हाय तशी."

"आसंल. तू नारळावर बांधाया मुखवटा कर. मला त्येला एकदा बघू दे. मंग जाळा."

तिला नाही म्हणणारा माणूस त्या गावात नव्हता.

मेटाच्या कोनाड्यात लाल फडक्यात बांधलेलं एक पुस्तक होतं. दोन वर्षांमागं नानासोनं आणून दिलेलं. नानासो सयाजीच्याच पलटणीतला, पाय अधू होऊन आधी परतलेला. त्यानं हकिकत सांगितली होती.

"तिकडं एका फुटक्या घरात म्हातारा सुतार ऱ्हायाचा. त्येच्या हातात पटाशी बगितली आन् सयाजी जो बसला तिथं, उठंचना. ह्येला त्येची भाषा येईना, त्येला ह्येची. पर लाकडावर हात फिरवून दोगं तासतासभर बोलायचं, गड्या. सयाजीनं डब्यातलं दूध दिलं, म्हाताऱ्यानं ह्ये दिलं. तुज्यासाठनं घेतलंय त्येनं."

पुस्तकात पानोपानी दगडाची आणि लाकडाची माणसं होती. अक्षर न् अक्षर परकं. पण चित्र वाचायला शाळा लागत नाही. नाकाची कड कुठं मोडते, ओठाच्या कोपऱ्यात सावली किती खोल जाते, हे ज्योतिबा बोटानं वाचायचा. मात्र निम्मंच पुस्तक उघडं होतं. पुढची पानं कडेला एकमेकांना जोडलेली. तिकडची पुस्तकं तशीच छापून येतात आणि वाचणारा सुरीनं कापत पुढं जातो, असं नानासो म्हणाला. म्हातारा निम्म्यावर थांबला असावा.

पहिल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं सयाजीचं अक्षर होतं : 'ज्योत्या, हिकडं दगडाची माणसं बगत्यात. तुजी कवा बगायला लागनार? फुडची पानं जोडल्याली हायत. मी न्हाई फाडली. आलो की दोगं मिळून बगू.'

ज्योतिबानं त्या पानांना कधी सुरी लावली नाही.

मुखवट्याचं काम सहा दिवस चाललं. वाकसानं ओंडका तासला, पटाशीनं कपाळ काढलं. सयाजीच्या डाव्या भुवईत बाभळीवरून पडल्याची खोक होती, ती काढली. हसताना एक गाल आधी वर जायचा, तो गाल किंचित वर ठेवला. हात आपले आपण चालत होते. कधी कधी ज्योतिबाला वाटायचं, आपण कोरत नाही, कुणी आतून बाहेर येतंय आणि आपण फक्त वाटेतलं लाकूड बाजूला करतोय.

डोळे राहिले. डोळे शेवटी, हे बापानं शिकवलं होतं. देवाचे असोत की बाहुलीचे, घरच्या माणसासमोर उघडायचे. "तवर ते लाकूड," बाप म्हणायचा. "डोळं उघडलं की लाकूड न्हाई. मंग त्येच्यावर हत्यार धरायचं न्हाई."

आणि इथंच ज्योतिबा चुकला. मढ्याचा मुखवटा, त्याचे डोळे मिटलेले हवेत, हे कुणी सांगायची गरज नव्हती. पण मिटलेले डोळे त्यानं कधी कोरले नव्हते. पुस्तकाच्या उघड्या पानांवरची सगळी माणसं टक्क बघत होती. हे एक कारण. दुसरं त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही. साळूबाई समोर बसली होती. त्यानं सामत्याची दोरी ओढली, गरगर फिरणारं टोक लाकडात उतरलं, एक बुबुळ, मग दुसरं. भुसा फुंकला.

सयाजीनं दोघांकडं बघितलं.

साळूबाई ओरडली नाही. पदरानं त्याच्या कपाळावरचा भुसा पुसला आणि म्हणाली, "किती वाळलाईस रं."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. फडक्यात भाकरी, कांदा. मुखवट्यासमोर ठेवायची, गावातलं सांगत बसायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं. मधेच थांबायची, ऐकल्यासारखं करायची आणि मान हलवायची. भर बाराच्या उन्हात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मेटातून तिची ओवी ऐकू यायची :

दूरच्या मुलखाची    न्हाई मला वाट ठावी
माझ्या सयाजीची सावली    कुन्या झाडाखाली यावी

अर्जुना गुराखी गुरं घेऊन जाताना सवयीनं मेटात डोकावला, "राम राम सयाजीराव," म्हणाला आणि दहा पावलं गेल्यावर तिथंच मटकन बसला. ज्योतिबाची बायको भामाबाई चुलीपुढून करवादली, "आवं, त्येचं त्वांड भिताडाकडं करा की! भाकरी थापता थापता पाठीला डोळं लागत्यात." ज्योतिबानं मुखवटा भिंतीकडं फिरवला. तिसऱ्या प्रहरी तो परत आला तर तोंड रस्त्याकडं होतं. साळूबाईनं फिरवलं असणार. असणारच. त्यानं विचारलं नाही.

अवस उजाडली. ओढ्याकाठी लाकडं रचली. देठांचा पुतळा बांधून झाला. हंबीरराव स्वतः मुखवटा न्यायला आले, आणि मेटाच्या दारातच त्यांचं पाऊल अडलं.

बराच वेळ ते लेकाकडं बघत राहिले. मग ज्योतिबाकडं वळले. आवाज अगदी खालचा.

"तुला मढ्याचं त्वांड सांगितलं हुतं. तू जितं लेकरू करून ठिवलंस."

"चुकलं, आबा."

"जाळू कसं ह्येला मी?"

साळूबाई मुखवटा छातीशी धरून कोपऱ्यात बसली होती. "जाळायचा न्हाईच. डोळं उघडं हायत त्येचं. उघड्या डोळ्याच्या मान्साला जाळत्यात व्हय कुटं?"

"साळू, तो वाटंवर हुबा हाय. त्येला जाऊ दे."

"मंग घरात येऊ दे की! कवाधरनं हुबा हाय!"

हंबीरराव उंबऱ्यावर बसले, पटका काढून गुडघ्यावर ठेवला. तो कागद अजून त्याच्या घडीत होता. बाहेर ऊन चढत होतं. उन्हं कलायच्या आत अग्नी द्यायचा, असं जोशीबुवांनी बजावलं होतं.

ज्योतिबा कोनाड्यापाशी गेला. लाल फडकं सोडलं, पुस्तक आणून साळूबाईसमोर ठेवलं आणि पहिल्या पानावरचं अक्षर तिला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं.

"फाडली न्हाईत?" तिनं विचारलं.

"न्हाई. दोगं मिळून बगायची ठरल्यात."

"दोन वरीस?"

"व्हय."

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली. नऊ महिने पोटात वाढवलेल्याची वाट फक्त आपणच बघतोय, असं इतके दिवस तिला वाटत होतं. आता समोर दुसरा एक वाट बघणारा बसला होता, तिच्याइतकाच खुळा, पुस्तकाची पानं मिटून.

"म्हनून डोळं उघडलंस," ती म्हणाली.

ज्योतिबानं खाली मान घातली.

ती हळूच सरकून त्याच्या शेजारी आली. मुखवटा मांडीवर आडवा ठेवला. "फाड," म्हणाली. "आपुन दोगं बगू."

त्यानं सर्वांत पातळ पटाशी घेतली. जोडलेल्या कडेत घातली. करकर आवाज झाला, जुन्या कागदाची पांढरी धूळ उडाली आणि पान उघडलं.

एक शिपाई होता. दगडाचा. आपल्याच थडग्यावर उताणा निजलेला, अंगात चिलखत, हात छातीवर, पायाशी कुत्रं. डोळे मिटलेले. पापणी फुगीर नव्हती, ताणलेली नव्हती; दमून आलेल्याची असते तशी, आपल्याच भारानं खाली उतरलेली. भुवईपासून गालापर्यंत एकच उतार, जसा कुळव फिरवून सपाट केलेला माळ.

"निजलाय," साळूबाई म्हणाली.

"व्हय."

"ह्येला बी आसं निजवता यील?"

लाकूड परत लावता येत नाही, फक्त काढता येतं. बुबुळ मिटवायचं तर भोवतीचं सगळं तेवढं खोल न्यायला हवं : डोळा, पापणी, भुवई, गालाचा वरचा भाग. चेहरा आणखी वाळणार. आणि उघडल्या डोळ्यावर हत्यार धरायचं.

"बा न्हाई म्हनायचा," ज्योतिबा पुटपुटला.

"तुज्या बाला मी सांगीन वर गेल्यावर. माझ्या मांडीवर कर. म्हंजे त्येला भ्या वाटायचं न्हाई."

मग ज्योतिबानं मोगरी बाजूला ठेवली. ठोका मारायचा नाही, हातानंच तासायचं. साळूबाईनं एक तळवा लेकाच्या डोक्याखाली दिला, दुसरा कपाळावर ठेवला. पटाशी बुबुळाच्या कडेला टेकली तेव्हा ज्योतिबानं स्वतःचे डोळे क्षणभर मिटले.

नीज नीज बाळा    वारा निजला उसात
चालून दमलं पाय    आता घिते मी कुशीत

लाकडाचे पातळ पापुद्रे तिच्या लुगड्यावर पडत होते. दारात पाठमोरे बसलेले हंबीरराव ओवीच्या ठेक्यावर नकळत डुलत होते. डावा डोळा मिटला. मग उजवा. बाभळीची खोक राहिली, पण उथळ झाली. हसायला निघालेला गालही खाली बसला.

साळूबाईनं गाणं संपवलं. पदरातले पापुद्रे वेचून, एकही न ठेवता, मुखवट्याच्या पोकळीत भरले. उठली आणि नवऱ्याच्या हातात लेक दिला.

"घ्या," म्हणाली. "हळू न्या. आत्ताच डोळा लागलाय."

ओढ्याकाठी हंबीररावांनी अग्नी दिला. देठ तडतडले, नारळ फुटला. ज्योतिबा डोक्याच्या बाजूला उभा होता. साळूबाई बायकांत, पाठ करून. मुखवट्याला जाळ लागायच्या वेळी बघायचं नाही, असं तिनंच ठरवलं होतं. धूर सरळ वर गेला. लोक म्हणाले, गेला, वाटेला लागला.

पळसाचं लाकूड. आचेला तडकतं.

जाळ कपाळावरून खाली उतरला आणि पापणीच्या रेघेवर, जिथं पटाशीनं सगळ्यात पातळ केलं होतं, तिथं लाकूड उललं. आधी डावीकडं, मग उजवीकडं. फट रुंद झाली. आत लाल निखारा. जळत्या चेहऱ्यातून दोन डोळे सरळ त्याच्याकडं बघत होते, आणि एक गाल, आधी वर जाणारा, हळूहळू वर गेला.

"ज्योतिबा," पाठ न फिरवता साळूबाईनं विचारलं, "निजलाच हाय न्हवं?"

ज्योतिबा म्हणाला, "व्हय, काकी. गाढ निजलाय."

ती घरी गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी झोपली.

मेटात परतल्यावर ज्योतिबानं पुस्तक उचललं. त्या एका पानापुढची अजून बरीच पानं जोडलेली होती. पटाशी हाताशीच पडली होती. त्यानं रस्त्याकडं एकदा बघितलं, पुस्तक लाल फडक्यात बांधलं आणि कोनाड्यात ठेवलं. ठोकळ्याजवळ आपल्या पाटाशेजारी दुसरा रिकामा पाट मांडला आणि कामाला बसला.

भामाबाईनं विचारलं, "ह्यो पाट कुनासाठनं?"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.