दहा हजार एकाला भाग

टाइल्सचा कारखाना बंद व्हायच्या आधी कामगारांनी ठरवलं, की आजवर इथे ज्यांनी ज्यांनी घाम गाळला, त्या प्रत्येकाच्या नावाची एक टाइल भट्टीत भाजायची आणि फाटकासमोरच्या भिंतीवर लावायची. नावं भरली बरोबर दहा हजार. शंभर ओळी, ओळीत शंभर. मुकादम खूश. भिंत लांब होती पण बुटकी, म्हणून ती वर चढवायलाही तो तयार होता.

तेवढ्यात त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, काका राहिले."

काका म्हणजे मुकादमाचा धाकटा भाऊ. जुन्या संपात सगळे फाटकाबाहेर उपाशी बसलेले असताना हा मागच्या दाराने कामावर गेला होता. संप फसला, आणि तेव्हापासून दोघा भावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"जागा नाही," मुकादम म्हणाला. "एक वाढली की चौकोन मोडतो. भिंतीला काय शेपूट लावायचं?"

मुलगी शाळेत गणित शिकवायची. "शंभरचाच हट्ट कशाला? दहा हजार एकाला आणखी कशाने भाग गेला तर लांबट आयत होईल."

"असल्या आडमुठ्या आकड्याला कुठला भाग जातोय!"

"बघा करून. शंभरापर्यंतच बघायचं. दोन संख्यांचा गुणाकार आहे ना, त्यातली एक शंभराच्या आतच असणार. आणि मूळ संख्याच घ्या, बाकीच्या त्यांच्या पोटात येतात."

मुकादम इरेला पेटला. दुपारी भट्टीजवळच्या फळ्यापुढे खडू घेऊन उभा राहिला. शेवटी एक, म्हणजे दोन आणि पाच बाद. अंकांची बेरीज दोन, म्हणजे तीनही बाद. सातने भागून पाच उरले, अकराने दोन, तेराने चार. दरवेळी बाकी उरली की तो मनातल्या मनात धाकट्याला सुनवायचा, "बघ, आकडासुद्धा तुला थारा देत नाही." एकाहत्तर संपलं तेव्हा तो गालातल्या गालात हसत होता.

मग त्र्याहत्तर. खाली शून्य आलं.

त्याने पुसून पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. त्र्याहत्तर गुणिले एकशे सदतीस.

आजूबाजूला कुणी नव्हतं. नाही जात म्हटलं असतं, तर मुलीने बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला असता. तो बराच वेळ खडू चोळत राहिला. मग घरी जाऊन म्हणाला, "जातो. मेला जातो."

मुलीने दोन्ही संख्या ऐकल्या. "दोन्ही मूळ आहेत. म्हणजे दुसरा आयत होणारच नाही. हाच."

"त्र्याहत्तरच ओळी. भिंत चढवायला नको, एवढं बरं," मुकादम म्हणाला.

धाकटा स्वतः टाइल घेऊन आला. केस पार पिकलेले, टाइलवरचं नाव थोडं ओघळलेलं. "दादा, कुठे लावू?"

"खालच्या ओळीत, टोकाला. वर नाही."

"बरं."

मुकादमाने त्याला सिमेंट कालवून दिलं. त्या दिवशी दोघं एवढंच बोलले.