शनिवारची सुपारी

धर्मेशने सॅक्सोफोनची रीड काढली, ती वेताची पातळ पट्टी जिभेवर ठेवली आणि ओली होईपर्यंत समोरच्या फोनकडे बघत बसला. फोन टेबलावर थरथरत कडेला आला होता. पडला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या चुलतभावाने, कमलेशने, तो वेळेवर धरला.

"विनिता आहे. उचलू?"

तोंडात रीड असली की माणसाला बोलता येत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय. धर्मेशने नुसती मान हलवली. फोन वाजायचा थांबला.

"शनिवारचं विचारत असेल," कमलेश म्हणाला.

धर्मेशने रीड काढून बोटांत धरली. "शनिवारी बदलापूरची हळद आहे. त्यात विचारायचं काय?"

"काकांशी बोलून तर बघ."

"सुपारी परत केलीय का आपण कधी?"

कमलेश ट्रम्पेट पुसायला लागला.

अंबरनाथला बुवापाड्याच्या रस्त्यावर एक शटर, आत भिंतीला टांगलेली वाद्यं, कोपऱ्यात मोठा ढोल आणि वर पाटी, 'जयदेव ब्रास बँड'. जयदेव म्हणजे धर्मेशचे वडील. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, क्लॅरिनेट खुंटीला लागली आणि चाल उचलायचं काम धर्मेशकडे आलं. बँडमध्ये एकजण चाल उचलतो, बाकीचे त्याच्या मागे जातात. तो चुकला की सगळे चुकतात, पण सगळे एकदम चुकले की वऱ्हाडाला पत्ता लागत नाही, असं बाबा म्हणायचे. आगरी लग्नांत त्यांच्या बँडला मान होता आणि तो मान सुपारीवर उभा होता. बँड ठरवायला आलेला माणूस नारळ आणि सुपारी देऊन जायचा. ती सुपारी पिवळ्या दोऱ्यात गुंडाळून बाबा देव्हाऱ्यातल्या पितळी ताटलीत ठेवायचे आणि काम वाजवून झालं की तुळशीत पुरायचे. लग्नसराईत ताटली भरून जायची. घरात मयत झालं तरी घेतलेलं काम वाजवलेलं होतं. ताटलीतून सुपारी उलट्या पावली गेलेली कोणी पाहिली नव्हती.

मुंबईत मात्र धर्मेशचं दुसरंच चाललं होतं. विनिता पियानो वाजवायची, तिचा चौघांचा जॅझ संच होता आणि त्यात सॅक्सोफोन धर्मेशचा. दर गुरुवारी एका हॉटेलात ते वाजवायचे, आणि लोक जेवायचे. शनिवारचा कार्यक्रम तसा नव्हता. मोठं सभागृह, सगळ्या रचना विनिताच्या, रेकॉर्डिंग होणार, नॉर्वेहून ड्रमर आलेला. कार्यक्रम जमला तर हिवाळ्यात हाच संच घेऊन युरोपात फिरायचं ठरत होतं. लाल कोट घालून घोड्यापुढे चालण्यातून सुटायची याहून चांगली वाट त्याला सापडणार नव्हती. हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच तो फोन उचलत नव्हता.

कारण रविवारी तालमीत एक गोष्ट झाली होती. जॅझमध्ये आधी सगळे मिळून ठरलेली चाल वाजवतात आणि मग एकेकाला मोकळं सोडतात. धर्मेशला सोडलं. गुरुवारी हॉटेलात ज्या ठेवणीतल्या जागा घेऊन तो वेळ मारून न्यायचा, त्या बघता बघता संपल्या. पुढे काही येईना. तो थांबला. ड्रमर हलक्या हाताने ताल धरून त्याच्याकडे बघत राहिला, अगदी प्रेमाने, घाई न करता. कोणी शिवी दिली असती तर धर्मेशला सोसली असती, हे थांबणं सोसलं नाही. शेवटी विनिताने पियानोवर चाल परत धरली.

"काय झालं?" तिने नंतर विचारलं.

"रियाज कुठे होतो? लग्नसराई चालू आहे. घरचे सोडत नाहीत."

सगळे हळहळले. ड्रमरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण धर्मेश बँडमधल्या पोरांना उठता बसता ऐकवायचा. आपलं अंगण आपण किती वर्षं जपून वाकडं ठेवलंय, हे त्याने कधी मोजून पाहिलं नव्हतं. घरच्यांनी सोडलं असतं तर मी कुठच्या कुठे गेलो असतो, या एका वाक्यावर त्याचं बरं चाललं होतं. शनिवारी ते वाक्य सभागृहात सगळ्यांसमोर तपासलं जाणार होतं, आणि त्याला त्याची मनापासून भीती वाटत होती.

फोन टाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो शिवायला टाकलेले कोट आणायला उल्हासनगरला, कॅम्प तीनला गेला. गल्लीत दोन्ही बाजूंना जीन्स शिवणाऱ्या मशिनी घरघरत होत्या आणि गटारात निळं पाणी वाहत होतं. शिंपी बटणं लावत होता.

"बैठो साईं, दस मिनिट. दो कोट का बटन बाकी है."

धर्मेश बसला नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याने विनिताला फोन लावला.

"शनिवारचं जमणार नाही," तो म्हणाला.

"घरी विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"बाबा ऐकत नाहीत. सुपारी घेतलीय. आमच्यात परत देत नाहीत ती."

"मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"नको, नको. त्यांना यातलं काही कळत नाही. उगाच तुला बोलतील काहीतरी."

मशिनींच्या आवाजात धर्मेशला वाटलं, फोन कट झाला.

"ठीक आहे," विनिता म्हणाली. "बंगळुरूचा एक मुलगा आहे, त्याला विचारते. पण धर्मेश, पुढच्या वेळी मी तुला धरून चालणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही. बरोबर आहे तुझं."

फोन ठेवला आणि त्याला एकदम भूक लागली. रविवारपासून घास उतरत नव्हता. कोपऱ्यावरच्या गाडीवर उभं राहून त्याने दाल पकवान खाल्लं, वर आणखी एक पकवान मागून घेतलं. कोटांचं गाठोडं मांडीवर घेऊन तो शेअर रिक्षात बसला तेव्हा शनिवारच्या हळदीत कुठलं गाणं आधी घ्यायचं याचा विचार करत होता. ती गाणी त्याला झोपेतही येत होती.

घरी त्याची बायको प्राची डबा भरत होती. तिची कंपनीत दुसरी पाळी होती.

"बाबा कुठे?" धर्मेशने विचारलं. खाट रिकामी होती.

"गेलेत कमलेशबरोबर. आधी बदलापूरला हेमचंद्र शेठकडे, मग विठ्ठलवाडीला."

"विठ्ठलवाडीला कोण आहे आपलं?"

"प्रमोदकाका."

प्रमोदकाका बाबांच्याच हाताखाली शिकले, बाबांचेच चार वादक फोडून वेगळा बँड काढून बसले. तेव्हापासून समोरून ते आले की बाबा रस्ता बदलायचे.

"मीच सांगितलं काल बाबांना," प्राची डब्याचं झाकण दाबत म्हणाली. "शनिवारचं, युरोपचं, सगळं. तू तर तोंड उघडणार नव्हतास. रात्री काही बोलले नाहीत. सकाळी तू गेल्यावर उठले, आंघोळ केली आणि म्हणाले, रिक्षा बोलव."

धर्मेश देव्हाऱ्यापाशी गेला. ताटलीत पिवळ्या दोऱ्याच्या सुपाऱ्या होत्या. शनिवारची कडेला, निरांजनाजवळ ठेवलेली होती. ती जागा रिकामी होती.

तो तिथेच उभा असताना खाली रिक्षा थांबली. बाबा कमलेशच्या खांद्यावर हात टाकून एकेक पायरी चढून आले. डोक्यावर टोपी, अंगात पांढरा सदरा. खाटेवर टेकून ते दम घेत राहिले. प्राचीने पाणी दिलं.

"दिली परत," ते म्हणाले. "हेमचंद्र पयला रागावला. बोलला, जयदेव, तूच असा करतंस, मंग आमी कुनाच्या तोंडाकं बगायचा? खरा हाय त्याचा. मी आयकून घेतला."

"आणि हळदीला?" धर्मेशने विचारलं.

"प्रमोदचा बँड जाल. त्यानी चाय पाजली मना." बाबांनी डाव्या हाताने निर्जीव उजवा हात मनगटाशी उचलला, डाव्याला जुळवला आणि तसा दाखवला. "असं जोरलं हात. बोललू, माजे पोऱ्याचा मुंबैला काम हाय, मना येवढा सांबालून घे. तो पन रडाया लागला, येडा."

कमलेश हसला. धर्मेशने कोटांचं गाठोडं उगाच सोडलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

"बाबा, तुम्ही मला विचारायचं तरी."

"तुला इचारला आसता त तू नाय बोलला आसतास. माजी लाज राखाया. मना ठाव नाय काय?" बाबा थांबले. "सकालचा वर गच्चीवर वाजवतंस, ता मना काय कलत नाय. पन मदीच थांबतंस ना, तवा मी हतं खाली वाट बगतंय. आता काय काढील पोऱ्या, आता काय काढील."

धर्मेशच्या खिशात फोन थरथरला. त्याने बाहेर काढून वाचलं. विनिताचा निरोप होता. बंगळुरूचा मुलगा येतोय, तिकीट काढलं. आणि खाली, बाबांवर राग धरू नकोस, त्यांचीही काही बाजू असेल.

त्याने फोन पालथा घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवला.

"प्राची," बाबा म्हणाले, "माजा दुसरा सदरा इस्त्रीला दे. शनवारी मी पन जातंय याचे बरोबर. कमलेश धरून नेल."

"बाबा," धर्मेश म्हणाला.

"काय?"

कमलेश त्याच्याकडे बघत होता. प्राची डबा हातात धरून दारात थांबली होती, तिच्या तोंडावर लग्नापासून क्वचितच दिसलेलं हसू होतं. धर्मेश थांबला, आणि बाबा खालमानेने, घाई न करता, पुढे काय येतंय याची वाट बघत राहिले. मग त्यांना वाटलं, पोराच्या मनातलं आपल्याला कळलं.

"घाबरू नको. मी गप बसन. मदी वाहवा पन नाय करनार." त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "येकच सांग. ततं खाली बसाया लागतं काय? खाली बसलू त मना उठता येत नाय."

"नाही," धर्मेश म्हणाला. "खुर्च्या असतात, बाबा."