कोपरभर पाणी

“नाकावर जाऊ नकोस, बाई. नाक फसवतं. हात कोपरापर्यंत बुडव, नळी भर, आणि मग काय ते ठरव.”

मास्तर गेले त्याला दीड वर्ष झालं, तरी हौदाच्या खोलीचं कुलूप काढताना हा आवाज मला रोज ऐकू येतो. उपचारकेंद्राच्या तळमजल्यावरचा हा कोमट पाण्याचा हौद त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळला. ज्यांचे पाय जमिनीवर ऐकत नाहीत अशी माणसं इथे पाण्यात चालायला येतात. मी मास्तरांच्या हाताखाली सहा वर्षं होते. शेवटच्या आजारपणात त्यांना भेटायला गेले, तर तब्येतीचं अक्षरही बोलू दिलं नाही त्यांनी. “आज पाणी बघितलंस का?” एवढंच. मी म्हटलं, “रोज बघेन. बघितल्याशिवाय तोंडात चहाचा घोट घालणार नाही.” तेव्हापासून तो माझा नेम झाला. देवाचं नाव घ्यायचं, कुलूप काढायचं, पाणी तपासायचं, मग चहा.

तपासणी म्हणजे फार काही नाही. काचेची छोटी नळी घ्यायची, हौदाच्या लांबच्या कोपऱ्यात कोपरभर खोल बुडवून भरायची, त्यात गोळी टाकायची. पाण्यात औषध, म्हणजे क्लोरीन, पुरेसं असेल तर नळीतलं पाणी गुलाबी होतं. रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. दोन मिनिटांचं काम.

गेल्या वर्षी माझ्या हातांना त्रास सुरू झाला. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग मनगटापर्यंत लाल चट्टे, मग कातडी तडकायला लागली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, “काम काय करता?” मी सांगितलं. “मग दुसरं काम बघा,” त्या म्हणाल्या. रबरी हातमोजे घालून पाहिले, तर त्यांनी आणखी पुरळ आलं. आत सुती, वर प्लास्टिकचे, असं करून मी औषधाची पावडर मोजायला लागले. पण कोपरभर पाण्यात हात घातला की मोज्यात पाणी शिरायचं आणि भेगांमध्ये निखारा ठेवल्यासारखं व्हायचं.

मागच्या खोलीत औषध मिसळायची टाकी आहे. तिथून पाणी हौदात जातं त्या पाइपाला एक बारका नळ आहे. एक दिवस मी नळी त्या नळाखाली धरली. हात कोरडाच राहिला. गोळी टाकली, पाणी छान गुलाबी झालं. आकडा लिहिला, चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

खोटा आकडा मी कधी लिहिला नाही. जे दिसलं तेच लिहिलं. पण नुकतं औषध मिसळलेलं पाणी गुलाबी होणारच. तेच पाणी हौदाच्या दुसऱ्या टोकाला, पायऱ्यांपाशी, दहा माणसांच्या अंगावरून पोचतं तेव्हा त्यात काय उरतं, हे त्या नळाला कसं कळणार?

त्याच सुमारास मॅनेजर सांगत आले, “लोक म्हणतायत वास फार येतो. डोळे चुरचुरतात. औषध जरा हात राखून टाका.”

वास आला म्हणजे औषध जास्त झालं, असं सगळ्यांनाच वाटतं. मास्तर म्हणायचे, बहुतेकदा उलट असतं. औषध कमी पडतं, लोकांच्या घामाशी आणि मळाशी झगडून थकतं, तेव्हा तो उग्र वास सुटतो. मला हे पाठ होतं. मॅनेजरना सांगायला तोंड उघडलंही होतं. पण पावडर कमी म्हणजे माझ्या हातांना धूळ कमी, हा विचार आधी आला. मी म्हटलं, “बरं, बघते.”

आता हॅलोमावशींचं सांगायला हवं. त्या टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. कोणी हाक मारली की अजून “हां, बोला” म्हणतात, म्हणून हे नाव. पक्षाघाताने डावी बाजू गेली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. सून त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणायची. पहिल्या दिवशी मावशींनी हौदाकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, “मला बुडवायचंच होतं तर घरी बादली होती की.”

“बादलीत तुम्ही मावणार नाही, आई,” सून म्हणाली. मला बरं वाटलं. या घरात बोलणं चालू होतं.

बावीस दिवसांत त्या कठड्याला न धरता पाण्यात बारा पावलं टाकायला लागल्या. मधे दम लागला की पायऱ्यांच्या कोपऱ्यात बसायच्या आणि तिथून मला हाक मारायच्या, “अगं पाणीवाले, लाइन लागली गं, पाय बोलायला लागला.” त्यांच्या घराच्या दारापासून फाटकापर्यंत नऊ पावलं आहेत, असं त्यांनी मला चारदा सांगितलं होतं. फाटकावर टपालपेटी आहे. आपलं टपाल आपण काढायचं, एवढंच त्यांना हवं होतं. जमिनीवर दोन पावलं झाली होती.

एकदा पाण्यातून निघताना म्हणाल्या, “थंडी पडली की मी यायची नाही हो. आधीच सांगते.”

“नाही आलात तर मी घ्यायला येईन.”

“लेखी देतेस?”

“तोंडी.”

“तोंडीच बरं. आमच्याकडे लाइनवर जे बोललं ते बोललं. परत घेता येत नाही.”

त्यानंतर तीन दिवस त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी सुनेचा फोन आला.

“ताई, आईंचं बंद करतोय आम्ही. पाठीला, कमरेला सगळीकडे लाल फोड आलेत, पिकलेत सुद्धा. डॉक्टर म्हणतात क्लोरीनची अ‍ॅलर्जी दिसते, पाणी नकोच.”

“हातापायांवर पण?”

“नाही, तेच तर नवल आहे. हातपाय स्वच्छ. कॉस्च्यूम असतो तेवढ्याच भागात.”

औषधाची ॲलर्जी असती तर उघड्या अंगाला काय वेगळं पाणी लागत होतं? ओल्या कापडाखाली पाणी साचून राहतं, आणि पाण्यात घाण वाढलेली असेल तर ती तिथेच धरते. मास्तरांनी असं पुरळ एकदा मला दाखवलं होतं, दुसऱ्या एका पोहण्याच्या तलावावरून आलेल्या माणसाच्या पाठीवर. गुडघ्याचे उपचार घेणारे एक गृहस्थ आणि एक शिक्षिका, दोघांनीही त्या आठवड्यात कमरेच्या पुरळाची तक्रार केली होती. मी म्हटलं होतं, साबण बदलून बघा.

“आईंना देते,” सून म्हणाली.

“हां, बोला.” आवाज तोच होता, पण खाली बसलेला. “पाण्यानेसुद्धा लाइन कापली बघ माझी. राहू दे. खुर्ची काही वाईट नाही. बसायला सवय झालीये.”

मी “काळजी घ्या,” म्हटलं आणि फोन ठेवला.

हौदात तेव्हा कोणी नव्हतं. मी मोजे काढले. पायऱ्यांपाशी गुडघे टेकून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. भेगा पेटल्या. नळी भरली, गोळी टाकली आणि थांबले. पाणी तसंच राहिलं, बिनरंगाचं. डोळे ताणून पाहिलं तर जेमतेम गुलाबीची शंका. मागच्या खोलीतल्या नळाचं पाणी दुसऱ्या नळीत भरून, गोळी टाकून शेजारी धरलं. ती गुलाबी झाली. दोन्ही नळ्या घेऊन मी तशीच मॅनेजरच्या खोलीत गेले. हातातून पाणी ठिबकत होतं.

त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. लगेच हौद बंद केला. पाणी सोडायचं, फरश्या घासायच्या, गाळणीतली वाळू बदलायची, तीन दिवस लागणार होते. दारावर पाटी लावली: दुरुस्तीसाठी बंद.

“आणि पुरळ उठलेल्यांना काय सांगायचं?” मी विचारलं.

“सांगायचं कशाला? महिनाभरात बरं होईल आपोआप. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हटलंय ना? मग आपण कशाला अंगावर ओढून घ्यायचं?”

“दोघं बरे होऊन परत येतील. मावशी येणार नाहीत. त्यांना वाटतंय पाणी आपल्याला सोसत नाही. त्या खुर्चीतच राहतील.”

“एवढ्या आठवड्यांचा रोजचा आकडा तुमच्या अक्षरात आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमची नोकरी जाईल, ताई. मला वाचवता येणार नाही.”

“नका वाचवू.”

ते टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मग वर न बघता म्हणाले, “औषध कमी करा असं मीच म्हटलं होतं. तेही सांगणार?”

“नाही. कमी मी केलं. मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं.”

पुढचे तीन दिवस मी ब्रश घेऊन रिकाम्या हौदात होते. पायऱ्यांच्या कोपऱ्यात, फरश्यांच्या सांध्यांत बुळबुळीत थर होता. बोटाने निघत होता. इथेच त्या बसायच्या. घासताना मी देवाजवळ काही मागितलं नाही. नेम मोडला म्हणून क्षमा मागावी तर नेम मोडला नव्हता. रोज तपासूनच चहा घेतला होता. मोडला असता तर निदान लक्षात तरी आलं असतं. गुडघ्यांवर बसून घासत राहिले, एवढंच.

शिक्षिकेला आणि त्या गृहस्थांना मी फोन करून सगळं सांगितलं. गृहस्थ तडकले. “आणि मी साबणाचे तीन प्रकार आणले,” म्हणाले. “घरात बायको मला अत्तरवाला म्हणायला लागली, इतका वास येतो अंगाला.” मग फोन ठेवताना, “सांगितलंत ते बरं केलंत,” असंही म्हणाले. शिक्षिकेने फक्त तारीख विचारली, कुठल्या दिवसापासून, आणि ती लिहून घेतली. तिचा तक्रारअर्ज काल आला. त्यावर चौकशी बसेल. बरोबरच आहे ते.

मावशींना मात्र फोनवर सांगायचं नव्हतं. फोनवर त्या मला हसत हसत सोडून देतील. एकतीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलेली बाई आहे; समोरच्याला अवघड जाऊ नये म्हणून आपणच लाइन कापेल.

आज सकाळी नवं पाणी भरून गरम झालं. लांबच्या कोपऱ्यात, पायऱ्यांपाशी, मधे, तीन ठिकाणी मी कोपरभर हात घातला. हात झोंबला. तिन्ही नळ्या सारख्या गुलाबी झाल्या. वहीत आकडे लिहिले, आणि त्यांच्या शेजारी पाणी कुठून घेतलं तेही लिहिलं. तो रकाना वहीत नव्हता, पट्टीने आखून घेतला.

मॅनेजर दारात येऊन उभे राहिले. “चहा आणलाय,” म्हणाले.

“आल्यावर घेते.”

“त्या येतील असं वाटतं?”

“माहीत नाही. रागावतील कदाचित. रागावायला हवंच. पण पाण्याचा दोष नव्हता एवढं तरी त्यांना कळू दे.”

नळ्यांचा डबा मी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवला. मावशींसमोर त्यांच्या घरच्या नळाचं पाणीसुद्धा तपासून दाखवता येईल. त्यांना असली यंत्रं आवडतात. हातांना मलम लावलं, बाह्या खाली ओढल्या. बसथांब्याच्या पुढे चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, तिथून दुसरं वळण, फाटकावर निळी टपालपेटी, असा पत्ता सुनेने पहिल्या दिवशी अर्जावर लिहिला होता.

हौदाच्या खोलीचं दार मी हळूच ओढून घेतलं आणि चालायला लागले. घ्यायला येईन असं म्हटलं होतं.