करियाचा पट्टा

आमच्या प्राणिमित्र संस्थेने वीस-बावीस वर्षांत पुष्कळ मोहिमा काढल्या. टांग्याच्या घोड्यांसाठी पाण्याचे हौद बांधून घेतले, पिंजऱ्यातल्या पोपटांसाठी मोर्चा काढला, बैलगाडीतल्या ओझ्यावरून भर बाजारात भांडणं केली. भांडायला अर्थात मी. अध्यक्ष कमलाकरकाका हार घालून घ्यायला.

यंदा काकांनी नवीन टूम काढली, रस्त्यावरच्या कुत्र्यांना चमकणारे पट्टे. अंधारात गाडीवाल्याला कुत्रं दिसेल, जीव वाचेल. कल्पना चांगली होती, मीही मान डोलावली. पहिला पट्टा बांधला तो शुक्रवार पेठेत, आमच्या बोळातल्या करियाला. करिया म्हणजे म्हातारा, काळा कुत्रा, सगळ्या बोळाचा. काकांचा त्याच्यासोबत पेपरात फोटोही आला.

पण दिवाळी सरली आणि करियाच्या बरगड्या दिसायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, उपाशी आहे. माझं डोकंच फिरलं. एवढ्या भरल्या बोळात कुत्रं उपाशी? समोरची चंद्रव्वा त्याला रोज भाकरी घालायची हे मला ठाऊक होतं. करियाला घेऊन तडक तिच्या दारात गेले आणि म्हातारीला नको नको ते बोलले. ज्वारी एवढी महागली का, असंही विचारलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पट्ट्याकडे बोट केलं.

"बाई, मालक मिळाला न्हवं त्याला? रोज येऊन दार खरवडायचा. हितंच खाल्लं तर आपल्या घरी जायाचा न्हाई, म्हणून दार लावून घेत हुते की मी."

बोलता बोलता तिने डोळ्यांना पदर लावला. माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. बोळातल्या प्रत्येक घराने हेच गृहीत धरलं होतं, करियाला कुणीतरी पाळलंय. मी पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि म्हटलं, अगं, याला कुणी मालक नाही.

"न्हाई कसा?" म्हणत ती गुडघे धरून खाली बसली आणि पट्टा तिनेच परत त्याच्या गळ्यात बांधला. "बारो, करिया," अशी कानडीत 'ये रे' म्हणून त्याला आत घेऊन गेली.

आता संस्था पट्टे बांधत नाही. जो खाऊ घालतो त्याच्याच हातून बांधून घेते. फोटोत जागा मिळत नाही म्हणून काका रुसलेत, रुसू देत. करियाचा पट्टा तर पार मळलाय, मुळीच चमकत नाही. पण अंधार पडल्यावर तो रस्त्यावर असतो कुठे?